कंट्रोलर बदलणाऱ्या मान्यवरांस

प्रति,
साइटवर पाय ठेवताच 'कंट्रोलर गेला' असा निकाल देणारे सर्व मान्यवर

विषय : पोकलेनच्या डिस्प्लेवर 'कम्युनिकेशन एरर' आला तरी मल्टीमीटर पेटीतच ठेवण्याच्या थोर परंपरेबाबत

महोदय,

पोकलेनमधला इंजिनाचा कंट्रोलर, पंपाचा कंट्रोलर, केबिनमधला डिस्प्ले आणि मशीन कुठे आहे ते मालकाला कळवणारा डबा हे सगळे दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात. या जोडणीला कॅन बस म्हणतात. जर्मनीतील बॉश कंपनीने ती मोटारींसाठी तयार केली आणि १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या अभियंता परिषदेत मांडली. अवजड यंत्रांत बहुधा तिच्यावर जे-१९३९ हे मानक चालते. बस गप्प असते तेव्हा दोन्ही तारांवर सुमारे २.५ व्होल्ट असतात. बोलणे सुरू झाले की 'हाय' तार ३.५ पर्यंत चढते आणि 'लो' १.५ पर्यंत उतरते. ऐकणारा कंट्रोलर फक्त या दोहोंतला फरक मोजतो. तारांना पीळ दिलेला असतो तो याचसाठी. बाहेरचा विद्युत गोंधळ दोघींवर सारखाच चढतो आणि फरक जिथल्या तिथे राहतो. दुरुस्तीत हा पीळ सोडून दोन सुट्या तारा हातभर लांब ओढून जोडणे, ही मान्यवरांची खास शैली.

बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. तो नसेल तर संदेश टोकावर आपटून माघारी येतो आणि पुढच्या संदेशात मिसळतो. वस्तू किरकोळ किमतीची असल्यामुळे मान्यवरांच्या नजरेस ती पडत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण निदान सुरू होते ते तिथूनच. बॅटरीचा मेन स्विच बंद करावा, कंट्रोलर पूर्ण झोपेपर्यंत थोडे थांबावे आणि नऊ पिनांच्या गोल डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये सी आणि डी या पिनांवर मीटर लावावा. दोन रेझिस्टर समांतर असल्याने ६०च्या आसपास ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एक रेझिस्टर गायब आहे किंवा मुख्य तार मध्येच तुटली आहे. ४० म्हणजे कुणीतरी तिसरा रेझिस्टर घुसवला आहे. नंतर बसवलेल्या ट्रॅकरची वायरिंग आधी पाहावी. शून्याजवळ आकडा असेल तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. मेन स्विच चालू ठेवून घेतलेल्या आकड्याला काहीच अर्थ नसतो, तरी जॉब कार्डावर तोही मोठ्या विश्वासाने लिहिला जातो.

इथे एक सापळा आहे. काही मशीनमध्ये टोकाचा रेझिस्टर कंट्रोलरच्या पोटातच असतो. असा कंट्रोलर काढला की मीटर ६० वरून १२० वर जातो आणि 'सापडला!' असा जयघोष होतो. सापडलेला असतो फक्त रेझिस्टर.

६० ओहम आले म्हणून बस निर्दोष ठरत नाही. एक तार चेसिसला लागली असेल तरी ६०च दिसतात. म्हणून पुढची पायरी किल्ली चालू करून व्होल्टेज पाहण्याची. चेसिसच्या तुलनेत हाय २.५ च्या किंचित वर, लो किंचित खाली आणि दोघींची बेरीज ५ च्या आसपास असावी. शून्य आले तर तार अर्थला लागली आहे. २४ व्होल्टच्या दिशेने आकडा पळाला तर ती बॅटरीच्या पुरवठ्याला.

एरर कोडचे वाचन हा तर मान्यवरांचा हातखंडा विषय. जे-१९३९ मध्ये दोषाचा प्रकार सांगणाऱ्या क्रमांकाला एफएमआय म्हणतात. एफएमआय ९ म्हणजे अपेक्षित संदेश वेळेवर येत नाही. हा कोड जो कंट्रोलर नोंदवतो तो जागा असतो, बोलत असतो आणि दुसऱ्या कुणाच्या तरी मौनाची तक्रार करत असतो. प्रथेप्रमाणे बदलला जातो तो तक्रारदार. खरे तर सगळ्यांची तक्रार एकाविरुद्ध असेल, तर त्या एकाचा फ्यूज, पुरवठा, अर्थिंग आणि मुख्य तारेपासून त्याच्यापर्यंत येणारी फांदी तपासावी. सगळेच एकमेकांविरुद्ध बोलत असतील तर दोष मुख्य तारेत शोधावा. एफएमआय १९ चे प्रकरण निराळे. त्यात संदेश येतो, पण पाठवणाराच सांगतो की आतली माहिती बिघडलेली आहे. बहुधा त्याच्याकडचा सेन्सर गेलेला असतो आणि बसचा काही संबंध नसतो. शिवाय पाठवताना होणाऱ्या चुका मोजणारा आकडा २५५ च्या पुढे गेला की कंट्रोलर स्वतःहून बसमधून बाहेर पडतो. तारेच्या दोषाने गप्प बसलेला असा धडधाकट कंट्रोलर मेलेला समजला जातो.

अर्थिंगची परीक्षा ओहमवर होत नाही. एकच धागा शिल्लक असलेली तारसुद्धा ओहममध्ये उत्तम दिसते. स्टार्टर फिरत असताना कंट्रोलरची अर्थ पिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात व्होल्ट मोजावेत. अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेले की बोल्ट उघडून खालचा रंग आणि गंज खरवडावा.

दोष राहतो कुठे, याचाही नकाशा ठरलेला आहे. व्हील लोडरमध्ये मशीन मध्यावर दुमडते तिथे तारांचा जुडगा, म्हणजे हार्नेस, प्रत्येक वळणाला वाकतो. पोकलेनमध्ये इंजिन, पंप आणि केबिन तिन्ही वरच्या फिरत्या भागावर असल्याने घासणे दिसते ते क्लॅम्प निघालेल्या जागी आणि केबिनच्या तळाशी. पावसाळ्यात प्रेशरने धुतलेल्या मशीनच्या सॉकेटमध्ये रबरी सील सरकलेली, पिनेवर हिरवट भुकटी आणि एखादी पिन मागे ढकललेली सापडते. सॉकेट बाहेरून बसलेले दिसते, आत पिन पिनेला टेकलेली नसते. मीटरकडे नजर ठेवून हार्नेस टप्प्याटप्प्याने हलवावा, म्हणजे जागा कळते. तारेला सुई टोचून तपासणे टाळावे. त्या भोकातून पाणी शिरते आणि तांबे सडते.

कंट्रोलर कधीच जळत नाही असे नाही. बॅटरी न सोडता बकेटला वेल्डिंग केले आणि अर्थचा चिमटा दूर कुठेतरी लावला, तर प्रवाह वाटेल त्या मार्गाने परततो आणि कंट्रोलर खरोखर जातो. चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावावा.

नवा कंट्रोलर बसवल्यावर एरर जातो, हा मान्यवरांचा सर्वात भक्कम पुरावा. अदलाबदलीत सॉकेट निघते आणि पुन्हा बसते, पिनांवरचा थर घासला जातो, म्हणूनही एरर जातो. तेव्हा जुना कंट्रोलर भंगारात टाकण्याआधी एकदा परत लावून पाहावा. एरर आला नाही, तर तो गुन्हेगार नव्हता. सॉकेट उघडून पिना आणि सील तपासाव्यात.

कळावे.

प्रत माहितीसाठी : स्टोअर विभाग, नव्या कंट्रोलरची ऑर्डर तूर्त थांबवण्याच्या विनंतीसह.