वरातीमागून गिअरबॉक्स

आमचे साडूभाऊ मंडप-डेकोरेशनच्या धंद्यात आहेत. सुरुवात मंडपाने झाली, मग खुर्च्या आल्या, मग खुर्च्यांना घालायचे झगे आले, मग लायटिंग आलं आणि शेवटी, काळाची गरज म्हणून, डीजे आला. डीजे आला की पाठोपाठ जनरेटर येतोच. त्या स्पीकरांची भूक घरच्या मीटरवर भागत नाही.

सामरवरणीत या धंद्याला मरण नाही. सिल्वासाला चिकटलेलं हे गाव. करमाफीच्या दिवसांत या सगळ्या पट्ट्यात कारखाने आले, कारखान्यांमागून चाळी आल्या आणि चाळींमध्ये खानदेशापासून बिहारपर्यंतची माणसं आली. ज्याच्या त्याच्या मुलखाचा सण, ज्याच्या त्याच्या पंचांगाचा मुहूर्त. गणपती झाले की नवरात्र, नवरात्र झालं की छठ, आणि मधल्या फटीत कुणाचं ना कुणाचं लग्न. वारल्यांच्या तारप्याला तेवढा जनरेटर लागत नाही, म्हणून साडूभाऊ त्या वाद्याकडे जरा तुसडेपणानेच बघतात. १९५४ साली या मुलखाच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या मुक्तिसंग्रामात खुद्द सुधीर फडके उतरले होते, हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, “मग त्यांचंही एखादं रिमिक्स लावू.” त्यानंतर मी विषय काढला नाही. साडूचं नातं, जपून वागलेलं बरं.

तर हा जनरेटर चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला आहे आणि तो ओढायला बरीच वर्षं एक जुनी पिकअप होती. गिअर हाताने टाकायचे, क्लच पायाने दाबायचा. वरात म्हणजे दहा फूट पुढे जायचं आणि दहा मिनिटं उभं राहायचं. ड्रायव्हर हाफ क्लचवर गाडी सरकवत राहायचा, मग क्लचप्लेट करपल्याचा वास यायचा, आणि मंडपातली बायकामंडळी आचाऱ्याला विचारायची की भात लागला की काय. प्लेटा बदलता येत होत्या. ड्रायव्हरचा डावा गुडघा बदलता येईना. त्याने स्वच्छ सांगितलं, “शेठ, आता एकतर गाडी बदला नाहीतर माणूस.”

साडूभाऊंनी गाडी बदलली. डबल कॅब, डिझेल, सेकंडहॅण्ड आणि ऑटोमॅटिक. हा सल्ला त्यांच्या चिरंजीवांचा, म्हणजे माझ्या भाच्याचा. “पप्पा, क्लचचं पेडलच नाही तर प्लेट जळेल कशी?” या युक्तिवादात खोट काढणं अवघड होतं. भाचा नुकताच डिप्लोमा होऊन घरी बसला होता आणि रात्र-रात्र अमेरिकन पिकअपांचे व्हिडिओ बघत होता. तिकडे लोक पिकअपच्या मागे बोटी लावतात, फिरती घरं लावतात, घोडेसुद्धा लावतात. घोड्यावर कोणी बसत नाही. घोडाच ट्रेलरमध्ये उभा राहून हिंडायला जातो. आणि मग पाच-सहा टन ओढताना गिअरबॉक्स टिकावा म्हणून ही मंडळी तो खोलतात, आत जाड शाफ्ट, जास्तीच्या प्लेटा आणि दणकट टॉर्क कन्व्हर्टर भरतात आणि मग गाडीवर मायेने हात फिरवतात. जनरल मोटर्सने तर २००१ च्या आपल्या दणकट डिझेल पिकअपांत ॲलिसनचा गिअरबॉक्स घातला. ॲलिसन म्हणजे ट्रक-बसचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स करणारी कंपनी.

भाच्याने मोठ्या कौतुकाने आणखी एक गोष्ट सांगितली. “काका, १९८९ मध्ये डॉजच्या पिकअपमध्ये कमिन्सचं इंजिन आलं. सहा सिलिंडर, ५.९ लिटर!”

मी त्याला घराबाहेर नेलं आणि ट्रॉलीवरच्या जनरेटरची पाटी दाखवली. तिथेही कमिन्सच होतं. त्याच घराण्यातलं, दोन सिलिंडरांनी धाकटं, ३.९ लिटरचं. कमिन्स म्हटलं की पुणेकराला कोथरूड आठवतं. किर्लोस्कर-कमिन्स तिथे १९६२ साली सुरू झाली. थोडक्यात फरक एवढाच, की अमेरिकेत कमिन्स गाडीच्या पुढे बसतं आणि ओढतं. आपल्याकडे ते गाडीच्या मागे बसतं आणि ओढून घेतं. ट्रॉलीसकट जवळजवळ दोन टन. बोटीला निदान हौस म्हणता येतं. आपण इंजिनाने इंजिन ओढतो, तेही दोन्ही चालू ठेवून.

नव्या गाडीच्या पहिल्याच मोसमात डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. दमणगंगेच्या पुलाकडे चढणाऱ्या रस्त्यावर वरात थांबली होती. नवऱ्या मुलाचे मित्र रस्त्यात आडवे पडून नागीण करत होते. गाडीने आधी गिअर बदलताना धक्का दिला, मग बदलायचाच सोडला. रात्रीचे दहा वाजायला आले होते, आणि दहानंतर लाउडस्पीकर बंद हा २००० सालापासूनचा नियम सगळ्यांना पाठ. नागीण अर्धवट राहिली. मुलीकडचे खूश झाले, मुलाकडच्यांनी बिलातून पैसे कापले.

इथे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पोटात काय चालतं ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. हेरमान फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९०५ साली ही कल्पना पेटंट केली, तीही मोटारीसाठी नाही, जहाजासाठी. डबा बंद, आत तेल. इंजिनाच्या बाजूचा पंखा तेल भिरकावतो, त्या तेलाने गिअरबॉक्सच्या बाजूचा पंखा फिरतो. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. सोयरिकीच्या बैठकीत मध्यस्थ असतो ना, तेच काम. मुलाकडचे काही बोलतात, मध्यस्थ ते मुलीकडे पोचवतो. मुलीकडचे ढिम्म हलत नाहीत, तरी तो हसून पुन्हा तेच सांगतो. सुरुवातीला तर मुलाकडच्यांचं म्हणणं दुप्पट करूनही सांगतो. कन्व्हर्टरही गाडी जागेवरून उचलताना इंजिनाचा जोर जवळजवळ दुप्पट करून देतो. पण दोन्ही बाजूंचा जो मेळ बसत नाही तो सगळा ताप होऊन मध्यस्थाच्या पोटात साठतो. गाडीने वेग धरला की लॉकअप क्लच लागतो आणि दोन्हीकडची मंडळी एकमेकांना बांधली जातात. लग्न लागलं, मध्यस्थ सुटला.

वरातीत गाडी तो वेग कधी धरतच नाही. बैठक मोडत नाही आणि लग्नही लागत नाही.

वापीच्या बाजूला एक मिस्त्री आहेत, ऑटोमॅटिकची कामं करणारे. त्यांनी गाडीखाली ट्रे सरकवला आणि बोल्ट ढिला केला. गिअरबॉक्सचं तेल नवं असताना लालचुटुक असतं. हे काळपट तपकिरी पडलं. त्यांनी एक थेंब लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर टाकला (साडूभाऊंच्या गाडीत पत्रिकांना तोटा नाही) आणि आम्ही तिघं तो पसरताना बघत बसलो. मध्ये काळे कण, भोवती तपकिरी कडं. पॅन उतरवला तर तळाच्या चुंबकावर बोटभर काळी पेंड चिकटलेली. प्लेटांचा भुगा. मिस्त्रींनी बोट नाकाला लावलं आणि ते साडूभाऊंपुढे धरलं. साडूभाऊंनी वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, “ओळखीचा आहे.”

प्लेट जळणार नाही म्हणून घेतलेल्या गाडीत एक नाही, प्लेटांची चळतच निघाली.

भाच्याने लगेच यादी काढली. दणकट टॉर्क कन्व्हर्टर, नवी व्हॉल्व्ह बॉडी, जादा प्लेटा, खोल पॅन. सगळं परदेशातून मागवायचं. एकूण रक्कम ऐकून मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला आणि चहा मागवला. त्यांचं म्हणणं, ऑटोमॅटिकचं हे वेड इथे परवडत नाही, मॅन्युअलला परत जा. ते मात्र मला पटलं नाही. ऑटोमॅटिक नाजूक असतो ही आपल्याकडची जुनी अफवा आहे. टोयोटाच्या हायलक्समध्ये तेच २.८ लिटरचं डिझेल इंजिन मॅन्युअल गिअरबॉक्सबरोबर ४२० न्यूटन मीटरचा जोर देतं आणि ऑटोमॅटिकबरोबर ५००. कंपनीचा ऑटोमॅटिकवर जास्त भरवसा नसता तर तिने जोर वाढवून दिला असता का? गिअरबॉक्स जोराने मरत नाही. तो उष्णतेने मरतो.

हे मी अधिकाराने सांगू शकतो, कारण माझं निम्मं आयुष्य तेल थंड ठेवण्यात गेलं आहे. सामरवरणीत प्लॅस्टिकच्या कारखान्यात मोल्डिंग मशिनांचा मेंटेनन्स माझ्याकडे असतो. आमच्या मशिनांचं हायड्रॉलिक तेल पन्नास अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. पन्नाशी ओलांडली की मी खुर्चीतून उठतो. साठीला मालक उठतात. गाडीच्या गिअरबॉक्सला ऐंशी-नव्वद अंश चालतात, पण १२० च्या पुढे तेल बिघडायला लागतं, सील कडक होतात, प्लेटा घसरतात, आणि घसरल्या की आणखी तापतात. तेव्हा भाच्याच्या यादीतलं सगळं खोडून मी तीन गोष्टी ठेवल्या: जळालेल्या प्लेटा बदलायच्या, पंख्यासकट जादा ऑइल कूलर लावायचा, आणि तेलाचं तापमान दाखवणारा काटा ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर बसवायचा. भाच्याचा चेहरा पडला. व्हिडिओमध्ये कूलरवर कोणी मायेने हात फिरवत नाही.

“पण काका, आरटीओ?” त्याने शेवटचा बाण सोडला. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी पक्कं केलं आहे. भाच्याला हे तोंडपाठ, कारण त्याला मोठे टायर लावायचे होते. मी त्याला नोंदणीपुस्तक उघडून दाखवलं. इंजिन नंबर आहे, इंधन आहे, आसनं आहेत, रंग आहे. तेलाने किती तापावं याबद्दल शासनाचं काही म्हणणं नाही.

वापीला गाडी नेणं-आणणं हेही एक प्रकरणच. सिल्वासाहून निघालं की गुजरातचा तुकडा लागतो, मग दादरा, मग पुन्हा गुजरात. गुजरातेत दारूबंदी, आमच्याकडे नाही, त्यामुळे नाक्यावर जनरेटरचं दार उघडून दाखवावं लागतं की आत खरोखरच इंजिन आहे. या भूगोलाला पोर्तुगीजही वैतागले होते. दमणहून दादरा आणि नगर हवेलीत जायला वाट मिळावी म्हणून ते १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला: खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना वाटेचा हक्क होता, फौज, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळ्याला नव्हता. डीजे यातल्या कोणत्या वर्गात मोडतो, हे त्या न्यायमूर्तींना सुचलं नाही. ऐकला असता तर त्यांनी तो दारूगोळ्यात घातला असता.

कूलर लागला, काटा लागला. पुढच्या वरातीला मी मुद्दाम ड्रायव्हरशेजारी बसलो. सपाटीवर काटा ऐंशीच्या वर सरकेना. पुलाचा चढ आला, नागीण सुरू झाली, आणि काटा शंभरावर गेला, एकशे दहा झाला. मी खाली बघितलं. ड्रायव्हरचा उजवा पाय ब्रेकवर नव्हताच. तो हलकी रेस देऊन, दोन टनांच्या ट्रॉलीसकट गाडी चढावर नुसती तोलून धरत होता. हाफ क्लचची सवय! पेडल गेलं, गुडघा सुटला, पण पायातली कला गेली नव्हती. त्या कलेचा त्याला अभिमानही होता. “बघा साहेब,” तो म्हणाला, “एक इंच मागे जात नाही.” मध्यस्थ तिथे जिवाच्या आकांताने तेल घुसळत होता.

मी हँडब्रेक ओढला आणि त्याला पाय काढायला सांगितलं. काटा हळूहळू उतरला. ड्रायव्हर माझ्यावर रुसला. हँडब्रेक लावून उभं राहायला ड्रायव्हर कशाला लागतो, असं त्याचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे.

गाडी आता बरी चालते. बऱ्यापैकी म्हणजे इतकी, की साडूभाऊ ट्रॉलीवर जनरेटरबरोबर खुर्च्याही टाकायला लागले आहेत, आणि खानवेलच्या पुढे दुधनीकडच्या उतारावर ट्रॉली पिकअपला मागून ढकलते अशी ड्रायव्हरची नवी तक्रार आहे. गिअरबॉक्स सुधारला की ब्रेक कमी पडतात. ब्रेक सुधारले की हुक वाकेल. भाच्याने ट्रॉलीच्या ब्रेकांचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली आहे. या वेळी मी त्याला अडवलेलं नाही, कारण ओढण्यापेक्षा थांबणं महत्त्वाचं हे अमेरिकेतही खरं आहे.

राहता राहिली नवऱ्या मुलाच्या मित्रमंडळींना एक विनंती. नाचा, खुशाल नाचा, नागीण करा, लोळा. पण पुलाच्या चढावर नको. शंभर फूट पुढे सपाटी आहे.