ईमॅक्सकर

प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीत हा इसम असतोच. आडनाव काहीही असो, ईमॅक्स नावाच्या एडिटरचा भक्त म्हणून तो ईमॅक्सकर. त्याला कीबोर्डवरून ओळखावं. कॅप्स लॉकचं त्याने कंट्रोल करून टाकलेलं असतं, आणि इतकं करूनही डावी करंगळी दुखतच असते. त्या दुखण्याचा त्याला थोडा अभिमानही असतो.

चुकून त्याच्या जागेवर बसलात तर संपलं. कॉपी करायला कंट्रोल-सी दाबा, काही होत नाही. एडिटर पुढच्या बटणाची वाट बघत बसतो. पेस्टसाठी कंट्रोल-व्ही दाबा, पान खाली सरकतं. घाबरून कंट्रोल-झेड दाबलंत तर खिडकीच गायब. तक्रार केली की उत्तर तयार: "आमचं १९७६ चं आहे, एमआयटीच्या लॅबमधलं. तुमचं झेड-एक्स-सी-व्ही नंतर आलं." मागाहून आलेल्या भाडेकरूने वाड्याच्या मालकाला पाण्याच्या वेळा शिकवू नयेत, असा एकूण आविर्भाव.

त्याला खरं वेड लावलं ते ईमॅक्सच्या लिस्प भाषेने. "'ए' दाबल्यावर 'ए' का उमटतो?" असं तो भर जेवणात विचारतो. आपण आपली भाजी खात राहतो. "कारण त्या बटणाला सेल्फ-इन्सर्ट-कमांड बांधलेली असते. ती सोडवता येते!" येत असेल बापडी. पण हे कळल्यापासून त्याने कुठलंच बटण मूळ जागी सुखाने नांदू दिलेलं नाही. एक छोटं फंक्शन लिहायचं, त्यात 'इंटरॲक्टिव्ह' घालायला विसरायचं नाही (विसरलं तर बटण दाबताच एडिटर रुसतो), आणि ग्लोबल-सेट-की म्हणून ते बटणाला बांधून मोकळं व्हायचं. कंट्रोल-सी आणि त्यापुढे एखादं अक्षर, एवढी जागा रिवाजाने वापरणाऱ्यासाठी राखीव असते. याची ए ते झेड केव्हाच भरली. सध्या कॅपिटल अक्षरांत वाढीव बांधकाम चालू आहे. जुन्या लिस्प यंत्रांच्या कीबोर्डवर कंट्रोलच्या जोडीला मेटा, सुपर आणि हायपरही असत, हा विषय निघाला की त्याचा गळा दाटून येतो. ते कीबोर्ड याच्या जन्माआधीच अडगळीत गेले होते.

मग एके सकाळी या सगळ्या बांधणीच्या फाइलमध्ये एक कंस मिटायचा राहून जातो. तिथून पुढची सगळी बटणं मूळपदावर, आणि वर तक्रारीची एक ओळ: फाइल संपली, वाक्य संपलं नाही. काम नेमकं त्याच दिवशी द्यायचं असतं. तो आधी कंस शोधतो. सापडल्यावर, फाइल उघडीच आहे म्हणून, आणखी दोन बटणं बांधतो. साहेबांना सांगतो, "याने रोजचे चार सेकंद वाचतील." दुपार कुठे गेली ते सांगत नाही.

एक मात्र मानलं पाहिजे. नवख्या पोराने काही विचारलं तर तो हातातला घास ठेवून उठतो. कंट्रोल-एच, मग के, मग हवं ते बटण दाबायला लावतो. ते काय करतं हे एडिटर स्वतःच सांगतो, आणि बहुतेक वेळा त्यामागचा मूळ कोडही उघडून दाखवतो. इतका मोकळा कारभार आमच्या हाऊसिंग सोसायटीतही नाही.

तेव्हा असं स्थळ मुलीला सांगून आलं तर बेलाशक होकार द्या. व्यसन एवढं एकच, आणि ईमॅक्स फुकट मिळतो. फक्त टीव्हीचा रिमोट त्याच्या हाती देऊ नका.