भिंतीवरचं ॲडमिशन

आमच्या आणि अक्कांच्या घरामधली भिंत छातीएवढीच उंच आहे. बिलोलीतले निम्मे निर्णय तहसिलात होतात आणि उरलेले अशा भिंतींवर. मिरग लागून आठ दिवस झाले, आभाळ नुसतंच येऊन जातंय, पेरण्या खोळंबल्यात. म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकवायला गल्लीला भरपूर वेळ आहे.

परवा सकाळी अक्का भिंतीवर सूप ठेवून अंबाडी खुडत होत्या.

"वैनी, पोरीचं काय ठरलं? लातूरला टाकूलालाव का नांदेडला?"

"तिला डॉक्टर व्हायचंच न्हाई म्हणं, अक्का. इंजिनियर पण न्हाई."

अक्कांचा हात थांबला. आमच्या भागात बारावीला चांगले मार्क पडलेल्या लेकराला दोनच रस्ते दाखवतात. तिसरा विचारला की घरात काहीतरी बिनसलंय, असं लोक धरून चालतात.

"मग?"

"संख्याशास्त्र. स्टॅटिस्टिक्स. संगं कम्प्युटर. आणि त्याच्यासाठी लिबरल आर्ट्सचं कॉलेज बघूलालीय."

"लिब्रल? बिस्किटाचं नाव वाटूलालंय." मग एकदम आवाज चढला. "आर्ट्स म्हणलीस का? गणितात एवढे मार्क घेऊन आर्ट्सला?"

तोवर आमची लेक दात घासत दारात आली. तिनं हे प्रकरण नात्यातल्या दहा जणांना समजावलेलं आहे, अक्का अकराव्या.

"काकू, ती कला शाखा नाही. तुम्ही सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी टाकता ना? तसं. एक विषय मेजर, एक मायनर. गणित-कम्प्युटरच्या जोडीला अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास पण शिकायचा."

"तूर माजली की सोयाबीन दबतंय बाई."

आतून भाऊजींचा आवाज आला, "आन पावसानं दगा दिला की तूरच तारती."

भाऊजी म्हणजे अक्कांचे मालक. कृषी सहायक म्हणून निवृत्त झाले. खुर्ची ओढत तेही भिंतीपाशी आले. आता बैठक पूर्ण झाली.

"कुठं हायेत असली कॉलेजं?" अक्कांनी विचारलं.

"पुण्याला फ्लेम आहे, २०१५ला विद्यापीठ झालं. हरियाणात सोनीपतला अशोका, २०१४चं."

"आन फी?"

"वर्षाची लाखांत."

"लाखांत म्हणजे किती एकरात?" अक्कांनी हिशोब थेट जमिनीत मांडला. मी गप्प. हाच हिशोब आमच्या घरात महिनाभर चालू आहे.

"अशोकात घरची कमाई बघून फी माफ होते," लेक म्हणाली. "पण मिळेलच असं धरून चालता येत नाही. म्हणून मी दुसरीकडचं पण बघितलंय. कोलकात्याला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट आहे, महालनोबिसांनी १९३१ला काढलेली. तिथं बी.स्टॅट.ला शिकवणीची फीच नाही, उलट दरमहा विद्यावेतन मिळतं."

"फी न्हाई आन वर पैसे? काहीतरी खोट असंल."

"खोट एवढीच, की प्रवेशपरीक्षा लई अवघड. पाठांतर चालत नाही."

"मंग आपल्याकडच्या पोरांचं कसं व्हावं!" अक्का हसल्या. मलाही हसू आलं, पण जरा टोचलंच.

"आणि पुण्याचं फर्ग्युसन," लेक पुढं म्हणाली. "१८८५चं. नवीन शैक्षणिक धोरणानं मेजर-मायनर आता साध्या कॉलेजातपण आलंय. एमएस्सी स्टॅटिस्टिक्स तर आपल्या नांदेडच्या विद्यापीठातच आहे. म्हणजे लिबरल हे पाटीवर लिहिलेलं असायलाच पाहिजे, असं नाही."

अक्कांनी आता ठेवणीतला बाण काढला. "माझ्या भाच्याचं बघ. सरळ इंजिनियरिंग. कॉलेजनं छापूनच दिलंय, सरासरी बारा लाखाचं पॅकेज."

लेकीनं ब्रश बाजूला ठेवला. मला कळलं, आता हे लांबणार.

"काकू, आपल्या गल्लीत दहा घरं. प्रत्येकाला तीन एकर धरा. सरासरी किती?"

"तीन."

"उद्या दोनशे एकरवाला एक सावकार इथं राहायला आला. अकरा घरं, दोनशे तीस एकर. सरासरी झाली जवळजवळ एकवीस. तुमच्या सातबाऱ्यावर काय वाढलं?"

"डोंबल वाढलं!"

"म्हणून सरासरी नाही विचारायची. सगळ्यांना कमी-जास्त असं ओळीनं उभं करायचं आणि मधल्याला किती ते विचारायचं. त्याला मध्यक म्हणतात. आणि क्लासवाल्यांच्या फ्लेक्सवर वीस फोटो असतात, तिथं वर्गात बसले किती होते ते विचारायचं. फ्लेक्सवर नापासाचा फोटो कधी बघितलाय?"

अक्का गप्प झाल्या. पण भाऊजी खुर्चीत पुढं सरकले.

"ही पोरगी पीक कापणी प्रयोगाचं बोलूलालीय," ते म्हणाले. "आमच्या वेळी पीकविमा कशावर ठरायचा? मंडळात मोजके प्लॉट निवडायचे, आखलेल्या चौकोनातलं सोयाबीन कापायचं, मळायचं, तोलायचं. त्याची सरासरी उंबरठा उत्पन्नाच्या खाली आली तर विमा, न्हाई तर न्हाई. मूठभर प्लॉटांवर अख्ख्या मंडळाचं नशीब. गट नंबर वरूनच चिठ्ठी टाकल्यागत ठरून यायचा. लोक म्हणायचे, साहेब, रस्त्याकडंचं घ्या, जवळ पडतंय. पण रस्त्याकडंचं रान कायम तालेवार. ते घेतलं की कागदावर गाव सुकाळात आन माणसं दुष्काळात."

"काका, ही पद्धत बसवण्यात मोठा हात कुणाचा, माहीत आहे का? पांडुरंग सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११चा. फर्ग्युसनला शिकले, पुढं लंडनला पीएचडी केली. १९४०च्या दशकात त्यांचा आणि महालनोबिसांचा वादच झाला होता. महालनोबिस म्हणायचे, लहान लहान प्लॉट कापा, स्वस्तात भरपूर होतात. सुखात्म्यांनी दाखवलं की प्लॉट लहान असला की उतारा फुगून येतो."

"येणारच!" भाऊजींनी भिंतीवर थाप मारली. "कडंचं ताट आत का बाहेर? कापणारा माणूस हटकून आत धरतो. चौकोन लहान तेवढी कड जास्ती. मी तीस वर्षं बघितलंय. मला वाटायचं हे फक्त मलाच ठाऊक हाय."

भाऊजींना तीस वर्षांच्या उन्हाची पावती मिळाल्यासारखं झालं. मी मात्र लेकीकडं बघत होते. महिनाभर ती लिबरल, मेजर, मायनर सांगत होती आणि मी फीचे आकडे मांडत होते. कापणाऱ्याचा हात कड आत धरतो, हे गणिताच्या पुस्तकात कळत नाही. त्याला शेत ठाऊक लागतं, माणूस ठाऊक लागतो. पण नुसतं शेत ठाऊक असलेल्या भाऊजींना ते कागदावर सिद्ध करता आलं नाही. हिला दोन्ही पाहिजे आहे. पंचवीस कॉलेजांची माहितीपत्रकं चाळून मला जे कळलं नव्हतं, ते भिंतीवर कळलं.

"मग कॉलेज कसं निवडणार?" मी विचारलं.

"तीनच प्रश्न. पहिल्या वर्षापासून गणित पक्कं करून घेतात का, का नुसतं सॉफ्टवेअर चालवायला शिकवतात? पोरांना खरी माहिती गोळा करायला गावात, बाजारात पाठवतात का? आणि शिकवणारी माणसं कायमची आहेत का तासिकेवरची?"

"आन मेस?" अक्का म्हणाल्या. "चौथा प्रश्न मेसचा. पुण्यात भाजीत साखर घालतेत."

हा प्रश्न मात्र सर्वानुमते मंजूर झाला. ठरलं असं की कोलकात्याच्या परीक्षेची तयारी करायची, फर्ग्युसनचा अर्ज आत्ताच भरायचा आणि माफीची खात्री झाल्याशिवाय लाखांच्या वाटेला जायचं नाही. अक्कांनी निम्मी अंबाडी माझ्या ओट्यात टाकली आणि आत गेल्या.

दुपारी भांडी घासताना भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. फोनवर होत्या. पलीकडं बहुतेक भाच्याची आई.

"व्हय, व्हय, बारा लाख, ऐकलंय मी. त्ये सरासरी ऱ्हाऊ दे गं. मधल्या पोराला किती भेटले, त्ये सांग."