जोतिबाला वाहिलेली किल्ली परत मागू नये

मोटारसायकलवरून जोतिबाला जाणाऱ्या आणि मेहुणा कोल्हापुरात राहत असलेल्या तमाम भाविकांच्या सोयीसाठी पुढील नियम दिले आहेत. या नियमांचा आमच्या दाजींशी काहीही संबंध नाही. आहे असं ज्यांना वाटेल त्यांनी ताईला विचारावं.

नियम पहिला : किल्ली कशी घालवावी. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर किल्ली घालवण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. ती पायरीवर पडते, नारळाच्या पिशवीत जाते, खोबऱ्याच्या वाट्या निवडताना दुकानदाराच्या फळीवर राहते. हे सगळे नवशिक्यांचे मार्ग. शास्त्रोक्त पद्धत अशी : पँटच्या एकाच खिशात सुटं खोबरं, गुलालाची फुटकी पुडी आणि किल्ली ठेवावी. शिखराकडे बघून ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ म्हणून आरोळी ठोकावी आणि मुठीत येईल ते वर उधळावं. किल्ली खोबऱ्याबरोबर जाते. गर्दीत तिचा आवाजही येत नाही. अशी किल्ली हरवली असं म्हणायचं नसतं, ती देवाला वाहिली. आणि वाहिलेलं परत मागत नाहीत, त्यामुळे शोधायचे कष्टही वाचतात. हा सिद्धांत एका अनुभवी भाविकाने खांबाला टेकून, उसाचा रस पीत मला समजावून सांगितला.

तरीही कुणाला शोधायचीच हौस असेल तर माघातला खेट्यांचा रविवार वगळून यावं. लोक पहाटे कोल्हापुरातून निघून, कुशिरे-गायमुखावरून अनवाणी चालत येतात. त्या दिवशी देवळाचं आवार, माणसं आणि कुत्री एकाच रंगाची असतात. (खेटे मोटारसायकलवरून घातले तर पोचतात का, हा प्रश्न मी दाजींना विचारलेला नाही. ते जावई आहेत.)

नियम दुसरा : दुसरी किल्ली. गाडीबरोबर शोरूममध्ये दोन किल्ल्या मिळतात. त्या दोन्ही एकाच रिंगला अडकवाव्यात, म्हणजे ‘ऐनवेळी दुसरी शोधायला नको’. रिंगला जोतिबाचा फोटो असावा. मग दोन्ही किल्ल्या एकदमच देवाच्या पायाशी जातात आणि इचलकरंजीच्या घरातलं कपाट उघडून बघायचीही गरज उरत नाही.

अहो, दुसरी किल्ली दुसरीकडे ठेवायची असते! म्हणून तर दोन देतात. गाडी चोरीला गेली तर विम्याचे पैसे देताना कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एक नसेल तर गाडीतच राहिली होती का, इथून चौकशी सुरू होते. मूळ किल्लीसोबत नंबर असेल, तिच्यावर कोरलेला किंवा सोबतच्या पत्र्याच्या बिल्ल्यावर, तर तो आरसी बुकाच्या झेरॉक्सवर उतरवून ठेवावा. हे मी लग्नाच्या वर्षी सांगितलं होतं. असो.

नियम तिसरा : सल्लागार. किल्ली गेल्याचं कळल्यावर वाहनतळावर माणसं जमतात. त्यांना चहा पाजावा, पण गाडीला हात लावू देऊ नये. पहिला म्हणतो, ‘वायरी डायरेक्ट कर.’ दुसरा हँडलला लाथ घालायला सांगतो : लॉक तुटतं म्हणे. तुटतं खरं, पण मग नुसती किल्ली पुरत नाही, नवं लॉक घ्यावं लागतं, आणि त्याची किल्ली वेगळी असल्याने पेट्रोलच्या टाकीला एक आणि हँडलला एक अशा दोन सांभाळाव्या लागतात. ज्यांना एक सांभाळता येत नाही त्यांनी विचार करावा. तिसरा स्वतःच्या जुन्या स्प्लेंडरची किल्ली घालून बघतो. झिजलेली किल्ली झिजलेल्या लॉकला कधीकधी लागते हे खरं आहे. ती आत अडकते हेही तितकंच खरं आहे. मग किल्ली नसलेल्या गाड्या दोन होतात.

इथे दाजींची तारीफ केली पाहिजे. चोरांच्या भीतीने त्यांनी हँडल नीट लॉक केलं होतं, त्यामुळे गाडी ढकलत न्यायचा प्रश्नच मिटला.

नियम चौथा : किल्लीवाला वर आणावा. सध्याचं देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधलं, तेव्हा दुचाकीची सोय त्यांच्या डोक्यात नसावी. शहर सतरा-अठरा किलोमीटरवर खाली. किल्लीवाल्याला मागे बसवून, त्याची पेटी मांडीवर देऊन, केर्लीवरून घाट चढावा. येण्याचे पैसे तो वेगळे घेतो. ‘एवढ्याशा पत्र्याला इतके?’ असं दाजींनी म्हणू नये.

आणि मग बघत बसावं, कारण हे बघण्यासारखं असतं. लॉकच्या आत पितळेच्या पातळ पट्ट्या असतात, स्प्रिंगवर, प्रत्येकीची उंची वेगळी. बरोबर किल्ली गेली की सगळ्या एका पातळीत येतात आणि आतला गाभा फिरतो. एक जरी वर राहिली तरी अडतं. किल्लीवाला खाचा नसलेली कोरी किल्ली आत घालतो, हलकेच पिळतो, बाहेर काढून उजेडात तिरकी धरतो. पट्टी जिथे अडली तिथे केसाएवढा डाग उठलेला असतो. तिथेच कानशीचे दोन हात. परत आत, परत उजेडात. डाग उठायचा थांबला की त्या पट्टीचं काम झालं. डोळ्यांनी न दिसणारं कुलूप हा माणूस बोटांनी वाचत असतो, तेही गुलालाच्या धुळीत, उकिडवा बसून.

दाजी : ‘जोरात फिरीव की मर्दा!’

किल्लीवाला : ‘जोरात फिरीवली तर आत मोडंल. मग तुमीच काढा.’ थोड्या वेळाने, मान वर न करता : ‘पावनं, जरा उजेड सोडा.’

दाजी उजेडातून बाजूला झाले आणि किल्ली फिरली. दाजींच्या मते हा देवाचा कौल. किल्लीवाल्याच्या मते त्याला आता दिसत होतं.

नियम पाचवा : लॉकमध्ये तेल ओतू नये. गुलाल आणि तेल एकत्र आले की आत चिकट लगदा होतो. शिसपेन्सिलीची पूड चालते.

नियम सहावा : किल्ली चांगली फिरतेय तोवर तिच्यावरून लगेच दुसरी काढून घ्यावी. नकलेची नक्कल, तिची नक्कल असं करत गेलं की प्रत्येक वेळी थोडी चूक वाढते. चांगला किल्लीवाला आधी आरसी बुक मागतो. तो मागतो म्हणून रागावू नये. न मागणाऱ्याकडे आपली किल्ली करायला टाकू नये. काही महागड्या गाड्यांच्या किल्लीत चिप असते, तिथे नुसती कानस चालत नाही. दाजींची गाडी महागडी नाही, ही जोतिबाची कृपा.

घाट उतरताना दाजी पुढे होते. खाली केर्लीला थांबून त्यांनी सगळ्यांना मिसळ खिलवली, किल्लीवाल्याला दोनदा रस्सा वाढायला लावला आणि निघताना त्याच्या खिशात ठरल्यापेक्षा जास्त पैसे कोंबले. असा माणूस जावई म्हणून मिळणं हे आमच्या घराण्याचं नशीब आहे. फक्त त्याच्या हातात काही देऊ नये.

नियम सातवा : नवी दुसरी किल्ली कुठे ठेवावी. ती सुरक्षित जागी ठेवलेली आहे. जागा इथे सांगता येत नाही, दाजी हे मासिक वाचतात.