चार फूट, पस्तीस अंश आणि रावेर

‘लष्करी दर्जाचा मजबूत’ म्हणून जो फोन विकतात, त्याची परीक्षा अशी असते: ४ फुटांवरून २६ वेळा पाडायचा, तोही प्लायवूडवर. रावेरात प्लायवूड सुताराकडे असतं. फोन पडतो तो बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्गावर, खड्ड्यातून उसळलेल्या मोटारसायकलवरून, आणि मागून केळीचा ट्रक येत असतो. सव्विसाव्या खेपेपर्यंत थांबायला कोणाला सवड आहे?

उन्हाचंही तसंच. आयफोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरावा, असं ॲपलचं म्हणणं. ३५ अंश म्हणजे आमच्याकडे मे महिन्यात गच्चीवर अंथरूण टाकायची वेळ. दुपारी पारा ४५ ला टेकला की फोन ‘आधी मला गार होऊ द्या’ असा निरोप दाखवून अंग काढून घेतो. इथे केळी मात्र नशीबवान. बुडाशी ठिबक चालू, आणि पारा फारच चढला तर हवामानावर आधारित फळपीक विमा आहेच. २०२१ पासून ई-पीक पाहणीचा फोटो शेतकऱ्यानेच वावरात उभं राहून काढायचा असतो. म्हणजे ज्याचा फोटो काढायचा त्याला विमा, आणि जो काढतो त्याने तापून मरायचं.

तरीही फोन टिकतात. श्रेय बंडीचं. बंडीचा आतला खिसा मुळात तंबाखूची चंची, नोटा आणि पावत्यांसाठी. आता त्यात फोन असतो. पण नुसता नाही, पन्नीत. पन्नीला दोन वेढे रबर. रिंग वाजली की आधी सदऱ्याची बटणं, मग बंडीचा खिसा, मग रबर दातात. एवढ्यात मिस्ड कॉल. म्हणून जाणती माणसं पन्नी सोडतच नाहीत. वरूनच बोट फिरवतात, वरूनच बोलतात. पलीकडच्याला आवाज पोचत नसेल या शंकेने इतकं मोठ्यांदा बोलतात, की आज बऱ्हाणपूरचा भाव रावेरपेक्षा किती वर निघाला, हे चार वावरं पलीकडेही कळतं.

या पन्नीवर हसू नये. केळीचा चीक ज्याने पाहिला नाही, त्याने तर नाहीच. घड कापताना तो पाण्यासारखा दिसतो. सदऱ्यावर वाळला की काळा पडतो आणि कुठल्याही साबणाला दाद देत नाही. कापणीवाल्याच्या अंगठ्यावर त्याचं असं लुकण चढतं, की फोन स्वतःच्याच मालकाला ओळखत नाही. मालक अंगठा पँटला घासतो, पुन्हा टेकवतो, शिवी देतो आणि शेवटी आकडे दाबतो.

पोरांचा फोन जीन्सच्या मागच्या खिशात. २०१४ साली आयफोन ६ प्लस खिशात वाकतो म्हणून जगभर ओरड झाली होती. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून कोणी तो वापरून पाहिला होता की नाही, कोण जाणे. आणि साडीला खिसा नसतो, ही बातमी फोन कंपन्यांपर्यंत अजून गेलेली दिसत नाही. सहा-साडेसहा इंची पाटी बायांनी ठेवावी कुठे? निंदणीला जाणाऱ्या बाया म्हणूनच बटणांचा छोटा फोन कमरेच्या बटव्यात खोचतात. बटवा दिवसभर गाणी म्हणतो, आणि संध्याकाळी बॅटरी शिल्लक असते ती त्यांच्याचकडे.

परवा मोबाईलच्या दुकानात बंडीवाले एक काका नवा फोन उलटसुलट करून बघत होते.

“याले पानी लागलं तं चालते का?”

“चालते ना काका. आयपी ६८ आहे. अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा, काही होत नाही.”

“अर्धा तास बुडवून कायले ठेवू भो मी? चीक लागला तं काय होते, ते सांग.”

दुकानदाराने माहितीपत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं. मग काही न बोलता १५० रुपयांचं कव्हर २० रुपयांनी कमी केलं.

काकांनी पैसे मोजले. खोकं काउंटरवरच सोडलं, आणि ज्या पन्नीत ते दिलं होतं, ती मात्र झटकून, घडी घालून बंडीत ठेवली.