मामांनी ओबामा तपासला

मामांना राजकारणात रस नाही. हे ते स्वतः सांगतात, आणि न विचारता सांगतात. लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस नुसतं "काय म्हणतंय सरकार?" असं पुटपुटला, तरी मामा "आपला तो प्रांत नाही" म्हणून मठ्ठा कुठवर आलाय ते बघायला लागतात. पेपर ते मागच्या पानापासून वाचतात. क्रीडा, हवामान, निधनवार्ता, शब्दकोडं असं करत पहिल्या पानाशी येईपर्यंत चहा संपलेला असतो आणि उत्साहही. टीव्हीवर आठ माणसं आठ चौकटींतून एकदम बोलायला लागली, की मामा कुंड्यांना पाणी घालायला उठतात. निवडणुकीच्या मोसमात त्यांची झाडं अतिपाण्याने सडतात. मतदानाला मात्र सकाळी सातला रांगेत पहिले. का, तर "ते कर्तव्य. राजकारण वेगळं."

असा माणूस आपल्याकडे घरटी एक तरी असतो. फरक एवढाच, की आमच्या मामांच्या हाती बराक ओबामा सापडले.

झालं असं, की न्यू जर्सीहून सुट्टीवर आलेल्या त्यांच्या मुलाने जाताना बॅग हलकी करायला 'अ प्रॉमिस्ड लँड' इथेच ठेवलं. माजी राष्ट्राध्यक्षाच्या आठवणी, सातशेवर पानं, कडक पुठ्ठा. दुसरा कुणी असता तर त्याने ते कपाटात ठेवलं असतं. पण मामांची उभी हयात रेल्वेच्या लेखा खात्यात गेली. टेबलावर आलेली फाइल शेरा मारल्याशिवाय खाली उतरवायची नाही, हा त्यांचा बाणा. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं आणि चष्मा पुसला.

पहिला आक्षेप प्रस्तावनेतच निघाला. ओबामा तिथे प्रांजळपणे सांगतात, की सगळं मिळून पाचशे पानं होतील आणि वर्षभरात उरकेल असा माझा होरा होता. ते पदावरून उतरले जानेवारी २०१७ मध्ये आणि पुस्तक आलं नोव्हेंबर २०२० मध्ये. तेही पहिला भाग म्हणून. मामांनी शेवटचं प्रकरण उघडून पाहिलं. तिथे अबोटाबादेत ओसामा मारला जातो. म्हणजे मे २०११.

"अरे, कारकीर्द आठ वर्षांची आणि हा सव्वादोन वर्षांतच थांबला की!" मामांनी मला फोन केला. "मंजुरी पाचशेची, खर्च सातशेच्या वर, आणि शेरा काय तर काम प्रगतिपथावर. आमचे उड्डाणपूल तरी काय वेगळे होते?"

पण हा माणूस हाताने लिहितो हे कळल्यावर मामा जरा नरमले. संगणकावर कच्चा खर्डासुद्धा उगाच गुळगुळीत दिसतो, म्हणून ओबामा पेन आणि कागद घेऊन बसतात. "शंभर टक्के खरं," मामा म्हणाले. "आमच्याकडे संगणक आले तेव्हा चुका कमी नाही झाल्या, सुबक झाल्या."

वाचनाची पद्धतही ठरली. राजकारण आलं की पान उलटायचं. आयोवातला प्रचार उलटला, सिनेट उलटली, अफगाणिस्तान तर चिमटीत धरून गठ्ठ्याने उलटला. राहिलं काय, तर घर. व्हाइट हाउसमध्ये मुलींसाठी झोपाळा कुठे लावला, मिशेलबाईंनी हिरवळ उकरून भाजीचे वाफे कसे केले, सिनेटर केनेडींकडून आलेला बो नावाचा पोर्तुगीज कुत्रा. (या शेवटच्या नोंदीपुढे मामांनी "भेटवस्तू? मूल्य?" असं लिहून ठेवलंय.) राष्ट्राध्यक्षाला घरचं वाणसामान स्वतःच्या पगारातून भरावं लागतं, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं आणि पसंतही होतं. या बाबतीत त्यांचं दैवत एकच. कलामसाहेबांचे नातेवाईक राष्ट्रपती भवनात राहून गेले, तेव्हा साहेबांनी साडेतीन लाखांच्या घरातलं बिल आपल्या खिशातून चुकतं केलं होतं. बाकी सगळे राष्ट्रप्रमुख मामा त्या फुटपट्टीने मोजतात, आणि ती फुटपट्टी निर्दय आहे.

एका ठिकाणी मात्र ते गोत्यात आले. संध्याकाळी साडेसहाला काहीही झालं तरी कुटुंबाबरोबर जेवायला बसायचं, हा ओबामांचा नेम. मामांनी कौतुकाने तो भाग मामींना वाचून दाखवला. मामी भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अमेरिकेचा कारभार आटोपून तो माणूस साडेसहाला पानावर बसतो. आणि तुम्ही मार्चएंडच्या नावाखाली रात्री अकराला उगवायचात. कोणत्या देशाचा कारभार होता तुमच्याकडे?" त्या पानावर मामांनी काहीच शेरा मारलेला नाही.

नोबेलच्या प्रसंगाला त्यांनी पूर्ण गुण दिले. २००९ मध्ये पहाटे फोन आला, शांततेचं नोबेल मिळालंय म्हणून, तेव्हा ओबामांनी आधी विचारलं ते हेच, की कशाबद्दल? "हा खरा तपासनिसाचा प्रश्न," मामा म्हणाले. पुढे बक्षिसाची रक्कम ओबामांनी दहा धर्मादाय संस्थांना वाटून टाकली, त्यामुळे तो परिच्छेद निर्दोष ठरला. नोव्हेंबर २०१० च्या मुंबई भेटीवरून थोडी कुरकुर झाली. ओबामा ताजमध्ये उतरले, मणिभवनात गांधीजींची खोली पाहून आले, कुलाब्याच्या शाळेत पोरांबरोबर कोळीनृत्यावर पाय हलवले. ते सगळं ठीक. पण मणिभवनापाशी पाहुण्याच्या डोक्यात पडू नयेत म्हणून झाडांवरचे नारळ आधीच उतरवले होते, हे मामांना तेव्हाच्या पेपरातून (मागच्या पानावरून) आठवत होतं. त्या नारळांचं पुढे काय झालं, याची नोंद त्यांना कुठे सापडली नाही.

आणि मग घसरण सुरू झाली. सप्टेंबर २००८ आला आणि लेहमन ब्रदर्स बुडाली. मामांचा हात पान उलटायला गेला आणि थबकला. बँक बुडणं हे राजकारण कसं? तो तर हिशेब! बँका सावरायला काढलेल्या ७०० अब्ज डॉलरची शून्यं त्यांनी समासात मांडून पाहिली. समास संपला. ते प्रकरण त्यांनी अक्षर न् अक्षर वाचलं.

त्यानंतर आला आरोग्यविम्याचा कायदा. आता आरोग्यविमा म्हणजे मामांचं दुखरं ठिकाण. मामींच्या गुडघ्याचा दावा एका विमा कंपनीने "आधीपासूनचा आजार" म्हणून फेटाळला होता. गुडघा आधीपासूनचाच असतो, तो काय पॉलिसी काढल्यावर येतो, असं पत्र मामांनी लिहिलं होतं, त्याला उत्तर आलं नव्हतं. आणि इथे हा ओबामा म्हणत होता, की आधीच्या आजाराची सबब सांगून विमा कंपनीने कुणाला नाकारायचं नाही! मामा सरसावून बसले. आता समिती, दुरुस्त्या, सिनेटमध्ये साठ मतं का लागतात आणि एकोणसाठ झाली की काय होतं, यातलं एकही पान उलटेना. कोण फुटणार, कोण टिकणार, याची यादी पेन्सिलीने तयार झाली. रात्री मामींना जाग आली तर दिवा चालूच.

"अहो, झोपा आता."

"थांब गं, मतमोजणी चाललीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझा फोन वाजला. "दोनशे एकोणीस विरुद्ध दोनशे बारा! सात मतांनी सुटलं रे!" २१ मार्च २०१० रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात लागलेला निकाल मामांनी मला ताज्या बातमीसारखा दिला. आवाज बसला होता.

"मामा, हे राजकारण झालं," मी म्हटलं.

"राजकारण कसलं? विमा!" ते म्हणाले, आणि ओबामांनी त्या कायद्यावर सही करायला २२ पेनं का वापरली, स्टेशनरीच्या खर्चाला मंजुरी कुणाची, याकडे वळले. ती पेनं नंतर आठवण म्हणून वाटतात, हे सांगूनही समाधान झालं नाही.

मग मी एक प्रयोग केला. राजकारणाविना राष्ट्राध्यक्ष त्यांना हवेत ना? मी युलिसिस ग्रँटच्या आठवणी नेऊन दिल्या. ग्रँट १८६९ ते १८७७ राष्ट्राध्यक्ष होते. पण पुस्तकात बालपण, मेक्सिकोची लढाई आणि यादवी युद्ध. कारकीर्दीची आठ वर्षं जवळजवळ गायब. म्हातारपणी भागीदाराने बुडवलं, घशाला कर्करोग झाला, बायकोच्या हाती काही पडावं म्हणून ग्रँट अखेरच्या दिवसांपर्यंत लिहीत राहिले आणि मजकूर पुरा करून जुलै १८८५ मध्ये गेले. मार्क ट्वेनच्या प्रकाशनसंस्थेने पुस्तक काढलं आणि ग्रँटच्या पत्नीला साडेचार लाख डॉलरच्या आसपास मिळाले. मला वाटलं, मामांना याहून काय हवं?

आठवड्याने मामा पुस्तक घेऊन दारात उभे. "माणूस सोन्यासारखा. हिशेबही चोख, बायकोला पै न् पै पोचली. पण आठ वर्षं कुठायत?"

"मामा, ते राजकारण. तुम्हाला नको असतं म्हणून तर दिलं!"

"नको असेल तर मी गाळीन," मामा कडाडले. "त्याने का गाळावं? गाळण्याचा अधिकार वाचणाऱ्याचा!"

ग्रँटच्या शेवटच्या पानावर आता शेरा आहे: "१८६९ ते १८७७, कागदपत्रे सादर केली नाहीत." ओबामांच्या पुस्तकावरचा शेरा सौम्य आहे: "पावणेसहा वर्षांचा हिशेब येणे बाकी. फाइल बंद करू नये." तेव्हा दुसरा भाग निघाल्याचं कुणाच्या कानावर आलं, तर जरूर कळवावं. आणि न्यू जर्सीहून कुणी येणार असेल, तर त्यांनी बॅगेत किलोभराची जागा ठेवावी.