तोडीला हरीण कुठून आणायचं?

काशीमीऱ्यात यमन तयार व्हायला अडीच तास लागतात. त्यातले सव्वादोन तास बेस, आयलायनर, नथ आणि निऱ्या यांत जातात. उरलेल्या पंधरा मिनिटांत मोबाइल ट्रायपॉडवर चढतो, रिंगलाइट लागतो आणि कुणा बुजुर्ग गवयाने ऐन उमेदीत गायलेल्या यमनातले तीस सेकंद ओठांवर बसवले जातात. झाला राग.

आमच्या इमारतीतली ही मुलगी मालिकेच्या सेटवर मेकअप दादांच्या हाताखाली काम करते. घोडबंदर रस्ता आणि मीरा रोडच्या पट्ट्यात मालिकांचे सेट इतके, की इथल्या रिक्षावाल्यालाही कंटिन्युइटी म्हणजे काय ते विचारावं लागत नाही. सहा दिवस सासवांच्या भुवया कपटी करायच्या आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या तोंडावर राग रंगवायचे, असा तिचा नेम. मारव्याला मावळतीची नारिंगी आयशॅडो, बसंताला पिवळा शालू, मालकंसाला काळी चंद्रकळा आणि ओठांवर जवळजवळ काहीच नाही. मालकंस गंभीर आहे ना.

चौथ्या मजल्यावरचे काका मात्र खवळले. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहाटे त्यांनी फर्मान काढलं, ‘अभिजात संगीत ही ऐकायची गोष्ट आहे, बघायची नव्हे!’ आणि त्याखाली भरजरी साडी नेसून, मुकुट घालून, कमळावर वीणा वाजवत बसलेल्या सरस्वतीचं चित्र टाकलं. ग्रुपवरच्या एकवीस जणांनी हात जोडले. आक्षेप नक्की कशाला, हे एकानेही विचारलं नाही.

राग दिसायला लागून चारशे वर्षं उलटून गेली, ही बातमी चौथ्या मजल्यापर्यंत पोचलेली नसावी. दख्खनच्या सुलतानांच्या पदरी असलेल्या चितारींनी सोळाव्या शतकातच रागमाला रंगवल्या. राजस्थानात आणि पहाडी दरबारांत तर त्यांचा कारखानाच निघाला. हिंदोल झोपाळ्यावर, मेघ पावसात, आसावरी चंदनाच्या झाडाखाली नागांशी खेळत बसलेली, आणि तोडी म्हणजे वीणा हातात धरून रानात उभी असलेली बाई, भोवती हरणं. प्रत्येकाचा पोशाख ठरलेला, दागिने ठरलेले, वेळ ठरलेली. सहा राग, प्रत्येकाच्या पाच रागिण्या, पुढे त्यांची मुलंसुना. भातखंड्यांनी ही सहा बिऱ्हाडांची जुनी चाळ पाडून दहा थाटांचा टॉवर उभा केला, तेव्हा कुठे रागांचं सोयरसुतक सुटलं. पण तोपर्यंत तोडीने हरणाशिवाय फोटो काढलेला नव्हता.

आणि आपल्याकडचं काय? नारायण श्रीपाद राजहंस नावाचे गृहस्थ, म्हणजे बालगंधर्व, १९०५ साली मिरजेत शकुंतला होऊन रंगमंचावर उभे राहिले आणि पुढे निम्म्या महाराष्ट्राने गाणं ऐकलं ते त्यांच्या शालूच्या पदराआडून. १९१६ च्या ‘स्वयंवर’मधल्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. बुवांसमोर बैठकीत बसायची ज्याची छाती झाली नसती, तो पिटात बसून रुक्मिणीकडून यमन शिकून आला. बालगंधर्वांची नथ, अंबाडा, पदर घ्यायची तऱ्हा घरंदाज बायकांनी उचलली. जर खरी, अत्तर खरं, आणि गंधर्व नाटक मंडळीवरचं कर्जही तितकंच खरं. हेच गंधर्व १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ म्हणून पुरुषवेषात आले, तर लोकांना ते रुचेना. गळा तोच होता हो! प्रभातशी जमलेलं सूत त्या एका चित्रपटातच तुटलं.

एवढ्याने काकांचं समाधान होत नसेल तर सरकारी कागद आहे. २०११ च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले ते असे: गाण्यासाठी आनंद भाटे, रंगभूषेसाठी विक्रम गायकवाड, वेशभूषेसाठी नीता लुल्ला. पडद्यावर ओठ सुबोध भावेंचे, गळा भाट्यांचा, चेहरा गायकवाडांच्या हातचा, शालू लुल्लांचे. चौघांनी मिळून एक गंधर्व उभा केला आणि आपण थिएटरात डोळे पुसले. काशीमीऱ्यातली पोरगी यातली तीन कामं एकटी करते आणि वर कॅमेराही सांभाळते. फक्त गात नाही.

खरी खोच तिथेच आहे. रंग लावल्याने राग बाटत नाही. पण ‘नि रे ग’ म्हणत गवई जेमतेम उंबऱ्यात आलेला असतो, तोवर तीस सेकंद संपतात आणि पुढच्या चौकटीत कुणीतरी पनीर परतायला घेतं. अर्थात, कापाकापीची ही रीत तिने काढलेली नाही. १९०२ मध्ये गौहरजानने तबकड्या भरल्या तेव्हाच ख्यालाला तीन मिनिटांत घर आवरून निघायची शिस्त लागली होती, आणि तेव्हाच्या काकांनीही तेव्हाच्या चौथ्या मजल्यावरून निषेध केलाच असेल. तीन मिनिटांचे तीस सेकंद व्हायला शंभर-सव्वाशे वर्षं लागली. प्रगतीचा वेग तसा बेताचाच म्हणायचा.

शेवटी लिफ्टमध्ये दोघांची गाठ पडलीच.

“अगं, मालकंस सकाळी साडेदहाला टाकतेस? तो रात्रीचा राग आहे!”

“काका, मग शेड्यूल करून ठेवते. रात्री साडेबाराला जाईल.”

काका त्या रात्री साडेबारापर्यंत जागे होते. खात्री करायला.

दुसऱ्या दिवशी काका तिच्या दारात. तोडी करणार असशील तर शास्त्रोक्त कर, म्हणाले. हरीण हवं. आता राष्ट्रीय उद्यान आमच्या पाठीशीच आहे, हरणांना तोटा नाही. पण हरणामागे बिबट्या येतो, आणि बिबट्याचा राग कोणता हे ग्रंथात दिलेलं नाही. मग मीरा रोडच्या बाजारातून नाताळचं उरलेलं रेनडिअर आलं. त्याच्या नाकातला लाल दिवा काढता येईना, तेव्हा तिने त्यावर तीन थर फाउंडेशन चढवलं. वीणा मिळाली नाही. सेटवरून तंबोरा आला, त्याला तारा नव्हत्या. मालिकेत लागत नाहीत.

सकाळी दहाला, म्हणजे दुसऱ्या प्रहरी, गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी तोडी उभी राहिली. हायवेवर डंपर मागे घेताना वाजतो तो टूं-टूं सूर तेवढा सच्चा लागत होता. काका थर्माकोलचा रिफ्लेक्टर धरून उभे. “अगं, जरा डावीकडे वळ. विरहिणी आहेस तू, बिल्डरच्या जाहिरातीतली बाई नव्हेस.” सात टेक झाले. शेवटच्या टेकला रेनडिअर वाऱ्याने आडवं झालं, तोच ठेवायचा ठरला. काकांच्या मते त्यात करुण रस उतरला होता.

व्हिडिओ टाकल्यावर तासाभरात ध्वनिमुद्रिकेच्या मालकी हक्कावरून त्याचा आवाज बंद करण्यात आला. तोडी पूर्ण मुकी. पण पोरगी सेटवर, दिवसभर फोन बॅगेत. संध्याकाळपर्यंत तिच्या सगळ्या रागांत मिळून आले नव्हते तेवढे लाइक त्या एका तोडीला आले होते. खाली प्रतिक्रियांची रांग. एकीच्या अंगावर काटा आला होता. शेवटची तान काळजात घुसली, असं एका गृहस्थांनी नाशिकहून कळवलं होतं. आणि सगळ्यांच्या वर, सगळ्यांच्या आधी, काकांची प्रतिक्रिया: ‘प्रयत्न स्तुत्य. मात्र गंधार आणखी थोडा उतरायला हवा होता.’